पुरं होऊ दे

कारखान्याचा पट्टा पडला, ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडे परतल्या, की बिद्रीत उन्हाळाभर दोनच विषय चालतात. उसाचं बिल जमा झालं का, आणि पोराला कुठल्या शाळेत घातलं? पहिला प्रश्न बाप्यांचा, दुसरा बायकांचा, असं पूर्वी होतं. आता दुसराही सगळ्यांचाच झाला आहे. कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर सकाळी उभं राहिलं तर उत्तर दिसतंच. टाय लावलेली, डोळ्यांत झोप असलेली पोरं पिवळ्या गाड्यांत चढत असतात, आणि दप्तर पाठीवर टाकून गावातल्या शाळेकडे चालत जाणारी पोरं त्यांच्याकडे बघत असतात.

गेल्या उन्हाळ्यात हा प्रश्न आमच्या घरातही आला. नातू सहा वर्षांचा झाला होता, पहिलीत जायचा होता. पण आमच्या प्रश्नाला एक गाठ होती. नातवाला बोलता येत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. तो बोलायचा, आणि सांगण्यासारखं त्याच्याजवळ पुष्कळ असायचं. ट्रॅक्टरच्या नुसत्या आवाजावरून तो कुणाचा आहे हे तो ओळखायचा. पण अंगणातून धावत येऊन तो म्हणायचा, ‘आज्जी भाकर दे कुत्रं.’ आता आजीनं कुत्र्याला भाकरी दिली, की आजीनं भाकरी द्यावी म्हणजे तो कुत्र्याला घालील, की कुत्र्यानंच भाकरी पळवली? आम्ही एकेक अंदाज सांगायचो, तो मान हलवत राहायचा आणि शेवटी पाय आपटून निघून जायचा. त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघताना कळायचं, की या पोराला सांगायचं काहीतरी होतं आणि आपण ते ऐकू शकलो नाही.

याआधीची दोन वर्षं वाया गेली आणि त्यातला मोठा वाटा माझा आहे, हे आधीच कबूल करतो. सूनबाई काळजी करायची तेव्हा मी हसण्यावारी न्यायचो. ‘माझा धाकटा भाऊ साडेतीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही, पुढं वकील झाला,’ हा आमच्या घरातला जुना दाखला मी दर वेळी देत असे. घरात वेखंड उगाळून चाटवून झालं होतं. अंगणवाडीच्या ताईंनी मला एकदा रस्त्यात थांबवून सांगितलं, ‘काका, त्याला दोन गोष्टी एकदम सांगितल्या की एकच कळतीया. चप्पल काढ म्हटलं तर काढतो. चप्पल काढ आणि पाटी घे म्हटलं की उभाच राहतो.’ मी मान डोलावली आणि पुढं गेलो. त्या बाईंचं शिक्षण माझ्यापेक्षा कमी आणि निरीक्षण माझ्यापेक्षा कितीतरी जास्त, हे मला वर्षभरानं उमगलं.

वर्षभरानं आम्ही कोल्हापूर गाठलं. पहिली तपासणी कानांची. मूल उशिरा बोलत असेल, अडखळत बोलत असेल, तर आधी कान तपासायचे, हा या वाटेवरचा पहिला नियम. घरात हाक मारली की मूल वळून बघतं म्हणजे ऐकू सगळं नीट येतं असं नाही. आमच्या मुलाचे कान उत्तम निघाले. बुद्धीही त्याच्या वयाला साजेशी होती. मग वाचा-भाषा तज्ज्ञ बाईंनी त्याच्याशी तासभर चित्रं, बाहुल्या आणि गाड्या घेऊन खेळत सगळं तपासलं आणि सांगितलं, की याला भाषेच्या विकासाचा विकार आहे. हा तोतरेपणा नाही, गतिमंदत्व नाही, आईबापांच्या लाडाचा किंवा मोबाइलचा दोषही नाही. इतर मुलं ऐकता ऐकता जी भाषा आपोआप उचलतात, ती याला एकेक पायरी दाखवून शिकवावी लागेल.

या विकाराच्या नावावर तज्ज्ञांचंच एकमत होत नव्हतं. इंग्रजीभाषक देशांतल्या पन्नासहून अधिक जाणकारांनी डोरोथी बिशप या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या पुढाकारानं एकत्र येऊन २०१७ साली एक नाव नक्की केलं. त्याच सुमारास, २०१६ साली, इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या शाळांमधली एक पाहणी प्रसिद्ध झाली. दुसरं कोणतंही कारण नसताना भाषेची अशी अडचण असलेली मुलं तिथं शंभरात सात-साडेसात निघाली. तीस मुलांच्या वर्गात दोन. तो देश वेगळा, भाषा वेगळी. पण बँकेतल्या सवयीप्रमाणे हात राखून, आपल्याकडं हे प्रमाण निम्मं धरलं, तरी प्रत्येक वर्गात एक मूल असं आहे. ते कुठं बसतं? बहुधा शेवटच्या रांगेत. त्याला आपण काय म्हणतो? ‘ढ’.

मी आयुष्यभर मराठीत लिहीत आलो, पण मराठी किती अवघड आहे हे मला या पोरानं शिकवलं. ‘वाघानं शेळीला मारलं’ आणि ‘शेळीला वाघानं मारलं’. शब्द उलटसुलट केले तरी मारणारा वाघच, कारण अर्थ शब्दांच्या जागेत नाही, तो ‘नं’ आणि ‘ला’ या एवढ्याशा प्रत्ययांत आहे. बोलण्याच्या ओघात ही अक्षरं आपण निम्मी गिळतो. तुमच्या-माझ्या कानांना ती तरीही ऐकू येतात, त्याच्या हाताला ती लागत नाहीत. ‘शेळीनं वाघाला मारलं’ म्हटलं की बाकीची पोरं खदखदा हसायची. आमचा नातू हसत नसे. वाघ आणि शेळी एकत्र आले म्हणजे वाघानंच मारलं असणार, असं धरून तो गंभीरपणे पुढच्या गोष्टीची वाट बघत बसे.

इथं आणखी एक सांगायला हवं. आमच्याकडच्या मुली ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात, हे पुण्याच्या पाहुण्यांना चुकीचं वाटतं. तो विकार नाही, ती कोल्हापूरची बोली आहे. बोली म्हणजे चूक नव्हे, आणि विकार म्हणजे बोली नव्हे. तपासणारा माणूस परमुलखातला असला तर तो बोलीला विकार समजेल, आणि आपलाच असला तर विकारालाही ‘इकडचं बोलणंच तसं’ म्हणून सोडून देईल. दोन्हींत नुकसान पोराचं.

आता शाळा. आमच्यासमोर तीन वाटा होत्या.

पहिली इंग्रजी माध्यमाची. सूनबाईचा ओढा तिकडं होता आणि त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. ‘मामा, आधीच त्याला बोलायला त्रास. त्यात इंग्रजी नसलं तर उद्या त्याला विचारणार कोण?’ हा तिचा प्रश्न. तो फॅशनचा प्रश्न नव्हता, भीतीचा होता. आम्ही तिघं मुलाला घेऊन अशा एका शाळेत गेलो. तिथं मुलाची ‘फक्त ओळख करून घेतो’ म्हणून एका टेबलासमोर त्याला बसवलं आणि बाईंनी इंग्रजीत भराभर चार प्रश्न विचारले. पोरगं माझ्याकडे बघत राहिलं. ‘आमच्याकडं त्याला जड जाईल,’ असं गोड आवाजात सांगून आमची बोळवण झाली. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानं प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची अशी चाळणी लावायला मनाई केली आहे आणि त्यासाठी पंचवीस हजारांपर्यंत दंडही सांगितला आहे. हे मला तेव्हा ठाऊक होतं. तरीही मी गप्प उठलो. ज्या दारात पोराला रोज पाठवायचं, त्या दारात कायदा काढून भांडायचं बळ आजोबाला होत नाही. पालकांच्या याच गप्प बसण्यावर अशा चाळण्या चालतात.

दुसरी वाट खास शाळेची. कर्णबधिर मुलांसाठी, मतिमंद मुलांसाठी काम करणाऱ्या शाळांबद्दल मला आदर आहे. पण आमच्या मुलाला ऐकू येत होतं, समजही होती. त्याला गरज होती ती दिवसभर बोलणाऱ्या, भांडणाऱ्या, गोष्टी सांगणाऱ्या पोरांची.

तिसरी वाट घरापासून चालत दहा मिनिटांची. जिल्हा परिषदेची मराठी शाळा.

माध्यमाबद्दल इथं स्पष्ट बोललं पाहिजे, कारण यात दोन्हीकडून चुकीच्या गोष्टी सांगितल्या जातात. दोन भाषा कानांवर पडल्यानं हा विकार होतो, हे खरं नाही. मुदाळ तिट्ट्यावरून निपाणीकडं गेलं की मराठी आणि कानडी दोन्ही बोलत वाढलेली पोरं घरोघर भेटतात. दोन भाषांमुळे त्यांचं काही बिघडत नाही. ज्यांना हा विकार आहे, तीही दोन भाषांमुळं जास्त मागं पडतात असं संशोधन सांगत नाही. म्हणून ‘घरात मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला’ हा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नये. त्यानं मुलाची आजी, शेजार आणि गल्ली, म्हणजे बोलायला मिळणारी निम्मी माणसं एका फटक्यात तोडली जातात. मात्र घरात आणि गल्लीत दोन भाषा जिवंत असणं वेगळं, आणि जी भाषा घरात, गल्लीत, बाजारात कुठंच कानांवर पडत नाही, तिच्यातूनच गणित आणि परिसर अभ्यास शिकणं वेगळं. ज्याला पायाच्या भाषेचेच प्रत्यय सापडत नाहीत, त्याच्या डोक्यावर दुसरीचा मजला चढवायची घाई कशाला? ज्या घरात इंग्रजी खरोखर बोलली जाते, तिथला हिशेब निराळा असेल. बिद्रीतला हिशेब हा आहे.

२०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्यावरून महाराष्ट्रात रण माजलं. एप्रिल आणि जूनमधले दोन्ही शासन निर्णय जूनअखेर मागं घेतले गेले. भाषेच्या अभिमानावर, राजकारणावर पानंच्या पानं छापून आली आणि मी ती सगळी वाचली. ज्या मुलाला एकच भाषा जड जाते त्याचं काय, हा प्रश्न माझ्या वाचनात तरी आला नाही.

आता माझ्या जुन्या धंद्यातली एक गोष्ट. पीककर्ज मंजूर करायचं तर नुसता सातबारा पाहून भागत नसे. शेतावर जावं लागे. कागदावर ऊस आणि रानात हराळी, असं अनेकदा बघितलं आहे. शाळेच्या बाबतीत मात्र आपण कागदच बघतो. इमारत, निकाल, गणवेश, फीचा आकडा. मी ठरवलं, की चालू वर्गात बसून बघायचं. मार्चमध्ये मुख्याध्यापकांची परवानगी काढली आणि पहिलीच्या वर्गात मागं भिंतीला टेकून बसलो.

बाईंच्या हातात एक कापडी पिशवी होती. पोरांनी एकेकानं हात घालायचा, जे हाताला लागेल ते काढायचं आणि त्याबद्दल काहीतरी सांगायचं. एका लाजऱ्या पोरीच्या हातात कुलूप आलं. ती उभी राहिली आणि गप्पच. मी मनात आकडे मोजायला लागलो. आयुष्यभर नोटा मोजल्यावर ही खोड जात नाही. चार झाले, सात झाले. पुढच्या रांगेतला एक हुशार पोरगा ओरडला, ‘कुलूप हाय ते!’ बाई त्याच्याकडं न बघता म्हणाल्या, ‘तिचं पुरं होऊ दे.’ अकराव्या आकड्याला ती पोरगी म्हणाली, ‘आमच्या कुलपाची... किल्ली... म्हशीनं खाल्ली.’ वर्ग हसला, तीही हसली. बाईंनी विचारलं, ‘मग दार कसं उघडलं?’ आणि पुन्हा थांबल्या.

त्या अकरा आकड्यांत माझी निवड झाली. पुढच्या आठवड्यात सूनबाईला त्याच भिंतीला टेकून बसायला पाठवलं. ती घरी आली, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मामा, आपण घरात एवढं थांबत नाही.’

ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. शाळा निवडताना तिथं कोणती भाषा बोलतात हे विचारा. त्याआधी तिथं कोण थांबतं ते बघा. एका शिक्षकापुढं पोरं किती आहेत? सूचना एका दमात चार देतात, की एकेक? बोलण्याबरोबर चित्र, हावभाव, वस्तू असतात का? मूल चुकलं तर ‘चूक’ म्हणून थांबतात, की बरोबर वाक्य सहज पुन्हा म्हणून दाखवतात? ‘कुत्रं भाकरी खाल्ला’ असं पोर म्हणालं तर ‘हो का, कुत्र्यानं भाकरी खाल्ली!’ एवढंच म्हणायचं, असं आम्हाला तज्ज्ञ बाईंनी शिकवलं आहे. पोरं त्याच्या बोलण्याला हसली तर शिक्षक काय करतात? तोंडी सांगता आलं नाही ते चित्र काढून, हातानं करून दाखवायला मुभा आहे का? तज्ज्ञांनी दिलेली वही शाळा उघडून बघेल का? आणि शाळा घरापासून किती लांब? गाडीत रोज दोन तास घालवून दमून आलेलं पोर संध्याकाळी आजीशी काय बोलणार?

मराठी शाळेत सगळं आलबेल आहे असं चित्र मला रंगवायचं नाही. कित्येक ठिकाणी एक शिक्षक दोन वर्ग सांभाळतो, निवडणुका आल्या की त्या कामाला जातो. आज थांबणाऱ्या बाई आहेत, त्यांची उद्या बदली होईल. ही भीती मलाही आहे. आणि आठवड्याला एकदा कोल्हापूर गाठायचं म्हणजे घरातल्या एकाचा दिवस मोडतो. मी निवृत्त आहे, माझा दिवस मोडला तर काही अडत नाही. रोजंदारीवरच्या बापानं काय करायचं?

म्हणून हा प्रश्न नुसता निवडीचा नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्याच्या तीस आजार-दोषांच्या यादीत भाषाविकासातला विलंब हा एक आहे. पथकं अंगणवाडीत जातात. पण त्यांनी दाखवून दिलेल्या मुलाला दर आठवड्याला शिकवणारा माणूस तालुक्याच्या गावी असला पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात वाचा आणि भाषेची अक्षमताही आहे. पण तिची व्याख्या स्वरयंत्र काढून टाकणं किंवा मेंदूच्या बिघाडानं वाचा जाणं अशा शारीरिक कारणांनी आलेल्या कायमच्या अक्षमतेची आहे. ज्याच्या विकाराचं कारण बोट ठेवून दाखवता येत नाही, ते पोर या चौकटीत बसवणं अवघड जातं. मग प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून सवलत नाही. बँकेत असताना तारण नसलेल्या माणसाला आम्ही परत पाठवत असू, त्याची मला आता आठवण होते.

आणि ज्यांच्यापुढं निवड हा शब्दच नाही, त्यांचं काय? दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या आसपास कोप्या पडतात. बीडकडून आलेली पोरं अर्धं वर्ष इथं, अर्धं तिथं काढतात. त्यांच्यातलं एखादं गप्प राहिलं तर गाव बदलल्यामुळं बुजलं असेल, बोली वेगळी असेल, असं म्हणून दोन्ही गावं मोकळी होतात.

हे सगळं मी कागल तालुक्यात बसून लिहितो आहे. कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आलेल्या शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पलीकडं गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं करणारे जे. पी. नाईक पुढं १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. त्या आयोगानं सांगितलं होतं, की प्रत्येक मुलानं आपल्या शेजारच्या शाळेत जावं, गरिबाच्या आणि श्रीमंताच्या मुलानं एकत्र शिकावं. त्या यादीत मी एक भर घालीन. भराभर बोलणाऱ्या आणि थांबून थांबून बोलणाऱ्या मुलांनीही. फायदा एकट्या थांबणाऱ्याचा नाही. ‘तिचं पुरं होऊ दे’ हे ऐकत वाढलेली पोरं उद्या ग्रामसभेत बसतील, संसार करतील.

जूनमध्ये नातू त्या शाळेत जायला लागला. ऑगस्टमधल्या एका दुपारी तो घरी आला, दप्तर टाकलं आणि म्हणाला, ‘बंड्यानं मला ढकललं.’

सूनबाई पीठ मळत होती, तिचे हात थांबले. ‘नं’ जागेवर, ‘ला’ जागेवर! दुसऱ्या घरातून एव्हाना कुणीतरी बंड्याच्या घरी भांडायला निघालं असतं. आमच्या घरात फक्त साखर वाटायची बाकी होती. मी घाईनं विचारलं, ‘मग? तू पण ढकललंस त्याला? पडला का तो?’

‘मामा,’ सूनबाई म्हणाली, ‘त्याचं पुरं होऊ दे.’

आम्ही थांबलो. या वेळी मी आकडे मोजले नाहीत.

‘मी... त्याला... ढकललो नाही,’ तो म्हणाला. पुन्हा थांबला. ‘बाईंना सांगितलो.’

‘सांगितलो’ ही चूक की इकडची बोली, ते मी अजून कुणाला विचारलेलं नाही.